मताच्या हक्काला कर्तव्याची अट असावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की एक तक्रार हमखास कानावर येते. जो कर बुडवतो, ज्याला राज्यकारभाराचा गंध नाही, त्याच्या आणि माझ्या मताला सारखेच वजन कसे? या तक्रारीमागचा राग खरा असतो, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. आमची बाजू आधीच सांगतो: कर्तव्ये जरूर करून घ्यावीत, चुकवणाऱ्याला दंडही करावा, पण त्यासाठी मत काढून घेऊ नये. कारणे पुढे आहेत.

आजवर कोणकोणत्या अटी लावल्या गेल्या?

ठोकळमानाने पाच: मालमत्ता किंवा कर, लष्करी सेवा, शिक्षण किंवा परीक्षा, कायद्याचे पालन, आणि मागच्या खेपेला मतदान केलेले असणे. कल्पना जुनीच आहे. अथेन्समध्ये सोलोनने इ.स.पू. ५९४ च्या सुमारास नागरिकांचे उत्पन्नावरून चार वर्ग पाडले, आणि कुणाला कोणते पद मिळू शकते हे त्यावर ठरवले. रोमच्या एका प्रमुख सभेत मते माणसागणिक मोजत नसत. नागरिक १९३ गटांत विभागलेले असत आणि प्रत्येक गटाचे एक मत. घोडदळाचे १८ आणि सर्वात श्रीमंत वर्गाचे ८० गट एकमताचे झाले की ९८ भरत, बहुमत होई आणि मोजणी थांबे. ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते सगळे मिळून एका गटात, आणि त्यांची पाळी शेवटी. बहुतेक वेळा ती येतच नसे.

जो कर भरतो त्यानेच खर्च ठरवावा, यात चूक काय?

पहिली अडचण: कर न भरणारा माणूस शोधून सापडत नाही. प्राप्तिकर न भरणारा असतो, पण साबण, इंधन, कापड घेताना अप्रत्यक्ष कर सगळेच देतात. तो कर कुणाच्या नावावर जमा होत नाही, म्हणून दिसत नाही. तेव्हा ‘करदाता’ म्हणजे ‘ज्याच्या कराची पावती निघते तो’ असा अर्थ होतो, आणि निकष देण्याचा न राहता पावतीचा होतो.

दुसरी अडचण प्रमाणाची. कर हाच आधार असेल, तर जास्त कर भरणाऱ्याला जास्त मत का नको? हा तर्क प्रशिया या जर्मन राज्याने १८४९ पासून १९१८ पर्यंत प्रत्यक्षात चालवला. मतदारसंघात जमा होणाऱ्या थेट कराचे तीन समान भाग करायचे. सर्वाधिक भरणाऱ्यांपासून नावे मोजत जायचे, एक-तृतीयांश कर भरला की पहिला वर्ग संपला, मग दुसरा, उरलेले तिसरे. तिन्ही वर्गांनी सारख्याच संख्येने निर्वाचक, म्हणजे पुढे प्रतिनिधी निवडणारे लोक, निवडायचे.

आकड्यांत पाहा. एकूण कर ९०० आहे. एकटा ३०० भरतो, दहा जण प्रत्येकी ३०, शंभर जण प्रत्येकी ३. पहिल्या वर्गात एक माणूस, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात शंभर, आणि तिघांची ताकद सारखी. एकाच्या मताचे वजन शंभरांएवढे. १८४९ साली पहिल्या वर्गात जेमतेम ४.७ टक्के मतदार होते आणि तिसऱ्यात ८२.६ टक्के. एसेन शहराच्या नगरपालिका निवडणुकीत पोलाद कारखानदार क्रुप हे काही काळ पहिल्या वर्गातले एकमेव मतदार होते, म्हणजे नगरपालिकेचा तिसरा हिस्सा त्यांच्या एका मतावर. शिवाय मतदान गुप्त नव्हते, नाव पुकारल्यावर तोंडी सांगायचे. ज्याच्या कारखान्यात काम करायचे, त्याच्या माणसांसमोर उभे राहून.

प्रमाण राहू द्या. थोडासा, सर्वांना सारखा कर आणि तो भरला की मत, एवढी साधी अट चालेल ना?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नेमकी हीच होती. डोईपट्टी वर्षाला दीड डॉलर. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण मागच्या तीन वर्षांची एकदम भरलेली हवी, आणि तीही निवडणुकीच्या सहा महिने आधी, जेव्हा उमेदवारही ठरलेले नसत आणि कुणाच्या डोक्यात निवडणूक नसे. साध्या अटीची खरी धार रकमेत नसते. ती मुदतीत, थकबाकी साचण्यात आणि पावती सांभाळण्यात असते. संघीय निवडणुकांतली डोईपट्टी १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने गेली आणि राज्यांतली १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.

अलीकडचे उदाहरण फ्लोरिडाचे. शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताचा हक्क परत द्यावा, असा कौल तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी कायदा आला की न्यायालयीन दंड, शुल्क आणि भरपाई चुकती केल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे धरायचे नाही. कागदावर वाजवी वाटणारी अट. खटला उभा राहिला तेव्हा दिसले की कुणाकडे किती बाकी आहे हे राज्यालाच सांगता येत नव्हते. नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेल्या, जुन्या आणि परस्परांशी न जुळणाऱ्या. भरायला तयार असलेल्या माणसालाही आकडा मिळेना, आणि चुकून मत दिले तर गुन्हा. तरीही २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा टिकवला.

जो देशासाठी लढतो त्याला मत, हा निकष तरी निर्मळ नाही का?

भावनेला पटतो. अमेरिकेत १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले, त्यामागचा मोठा युक्तिवाद हाच होता की ज्याला लढायला पाठवता त्याला मत द्या. मात्र तो युक्तिवाद हक्क वाढवण्यासाठी होता. सेवा केली म्हणून मत द्या असे म्हणणे वेगळे, आणि सेवा नाही म्हणून काढून घ्या म्हणणे वेगळे.

उलट्या दिशेने वापरल्यावर काय होते ते ब्रिटनमध्ये दिसले. १९१८ च्या कायद्याने तिथे मताधिकार प्रचंड वाढला, तीस वर्षांवरच्या अनेक स्त्रियांनाही मत मिळाले. त्याच कायद्याने सदसद्विवेकाच्या कारणास्तव युद्धात लढायला नकार देणाऱ्यांचे मत युद्धानंतर पाच वर्षांसाठी काढून घेतले. ‘राष्ट्रीय महत्त्वाचे’ काम केल्याचे सिद्ध करणारे सुटले. महत्त्वाचे काम कोणते, हे सरकारच ठरवणार. युद्ध योग्य की अयोग्य यावर ज्यांचे सरकारशी मतभेद होते, तेच नेमके यादीबाहेर गेले.

स्वित्झर्लंडमध्ये पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, आणि अपेंझेल इनररोडन या तिथल्या छोट्या घटकराज्याच्या खुल्या नागरिकसभेत पुरुष कमरेला तलवार लावून येत. ती मतदार असल्याची खूण. स्त्रियांना मत नाकारताना सेवेचा हा संबंध पुढे केला जाई. देशपातळीवर स्त्रियांना १९७१ मध्ये मत मिळाले, आणि अपेंझेल इनररोडनमध्ये १९९० साली, तेही न्यायालयाने बजावल्यावर. आज स्वित्झर्लंडमध्ये सेवा न करणाऱ्याला करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के पर्यायी कर भरावा लागतो. मताला हात लागत नाही. कर्तव्य आणि मत वेगळे ठेवूनही कर्तव्य करून घेता येते, याचा हा चालता नमुना आहे.

ब्राझीलमध्ये तर नेमके उलट आहे. सक्तीची लष्करी सेवा बजावत असलेल्या तरुणाला त्या काळात मतदार म्हणून नोंदणीच करता येत नाही.

निदान वाचता-लिहिता यावे, घटनेची तोंडओळख असावी. परीक्षा घेतली तर?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि बहुधा चांगल्या हेतूने येतो. जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्या विचारवंतानेही १८६१ मध्ये वाचन, लेखन आणि त्रैराशिक येणे ही अट सुचवली होती, अर्थात शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आणल्यावर.

आता परीक्षा होते कशी ते जवळून पाहू. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या राज्यघटनेत अट आली की अर्जदाराला घटनेचे कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखवल्यावर समजावे, किंवा त्याचा वाजवी अर्थ सांगता यावा. पुढे ‘किंवा’ गेला आणि वाचणे, लिहिणे, अर्थ सांगणे सगळेच आवश्यक झाले. राज्यघटनेत २८५ कलमे. नोंदणी अधिकारी टेबलामागे बसलेला. कोणते कलम द्यायचे ते तोच ठरवणार. एकाला दोन ओळींचे सोपे कलम, दुसऱ्याला करआकारणीचे पानभर गुंतागुंतीचे. उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार. नमुना उत्तर नाही, गुण देण्याची पद्धत नाही. गोऱ्या अर्जदाराचे तुटके वाक्य पास आणि काळ्या शिक्षकाचे नेटके उत्तर नापास, हे याच टेबलावर घडत होते.

लुइझियानाने १८९८ मध्ये आणखी सोय केली: १८६७ च्या आधी ज्याचे वडील किंवा आजोबा मतदार होते त्याला परीक्षा माफ. त्या तारखेला काळे लोक मतदार नव्हतेच. १८९६ मध्ये तिथे १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. आजोबांची ती पळवाट न्यायालयाने १९१५ मध्ये बंद केली, पण साक्षरतेच्या परीक्षा १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत चालू राहिल्या.

तो वंशद्वेष होता. आज संगणकावर, सर्वांना सारखे प्रश्न देऊन परीक्षा घेतली तर?

टेबलावरचा पक्षपात कमी होईल, हे मान्य. प्रश्नपत्रिका काढणारा मात्र उरतोच. संसदेची सदस्यसंख्या विचारायची की रोजगार हमीची मजुरी किती दिवसांत मिळायला हवी हे विचारायचे? पहिला प्रश्न शाळेत शिकलेल्याला सोपा, दुसरा मजुराला. दोन्ही राज्यकारभाराचेच ज्ञान आहे. कोणते ज्ञान मोजायचे, हे ठरले की कोण मत देणार हेही ठरते. आणि ते ठरवणारे मंडळ नेमते कोण? निवडून आलेले सरकार. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

शिवाय कमी शिकलेला मतदार चुकीचे उत्तर देईल, पण स्वतःच्या वस्तीत पाणी येते की नाही हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. मत ही त्या माहितीची पोचपावती आहे. ती काढून घेतली की राज्यकर्त्यांच्या अज्ञानात भर पडते.

चुका थोड्याच होतील ना? कोणतीही व्यवस्था शंभर टक्के बिनचूक नसते.

हिशेब करू. १ कोटी मतदार, अट कोणतीही, आणि नोंदी ९९ टक्के बिनचूक. म्हणजे १ लाख नावांबाबत चूक. सगळ्यांनी अपील केले, प्रत्येक सुनावणीला २० मिनिटे, दिवसाला आठ तास: एक अधिकारी दिवसाला २४ प्रकरणे संपवतो, ३० दिवसांत ७२०. एक लाख प्रकरणांना सुमारे १३९ अधिकारी लागतील, महिनाभर एकही सुट्टी न घेता.

आणि ९९ टक्के हा आकडा उदार आहे. नावाचे स्पेलिंग, लग्नानंतर बदललेले आडनाव, स्थलांतर, दोन खात्यांतल्या वेगळ्या जन्मतारखा, भरलेली पण न चढलेली पावती: चुका इथे होतात. त्या सर्वांवर सारख्या पडत नाहीत. भाड्याने राहणारे, हंगामी कामाला बाहेर जाणारे, कागद सांभाळायला कपाट नसणारे यांच्यावर जास्त पडतात. अपिलाला रजा काढणेही त्यांनाच जड जाते. मतदान होऊन गेल्यावर लागलेला निकाल तर कुणाच्याच कामाचा नाही. कर चुकीचा कापला तर परतावा मिळतो. गेलेली निवडणूक परत मिळत नाही.

काढून न घेता, चांगल्या नागरिकाला एखादे मत जास्त द्यावे का?

बेल्जियमने १८९३ ते १९१९ दरम्यान दिले. २५ वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला एक मत, वर कुटुंबप्रमुख करदाता, मालमत्ताधारक किंवा उच्चशिक्षित असल्यास आणखी, कमाल तीन. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ आणि व्यवसायाच्या जागेवरचे दुसरे मत १९४८ च्या कायद्यापर्यंत टिकले. शून्याऐवजी एक आणि एकाऐवजी तीन, यात मोजणाऱ्याची अडचण तीच राहते. फक्त अपमान थोडा सौम्य होतो.

मतदान हेच कर्तव्य मानले तर?

इथे मात्र चर्चा फलदायी आहे, कारण बऱ्याच देशांनी हे केले आहे आणि पद्धती वेगवेगळ्या आहेत.

ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये संघीय मतदान सक्तीचे केले. १९२२ मध्ये साठ टक्क्यांहूनही कमी मतदान झाले होते, १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेले. मत न देणाऱ्याला आधी पत्र येते, कारण विचारतात. समाधानकारक कारण नसेल तर २० डॉलर दंड. नाव यादीतून जात नाही.

सिंगापूरमध्ये जाते. मतदान न करणाऱ्याचे नाव यादीतून वगळतात आणि परत घालण्यासाठी अर्ज करावा लागतो. योग्य कारण असेल तर शुल्क नाही, नसेल तर ५० डॉलर. तोवर मतही नाही आणि उमेदवारीही नाही. बेल्जियमच्या कायद्यात पंधरा वर्षांत चारदा गैरहजर राहिल्यास दहा वर्षे नाव वगळण्याची तरतूद आहे.

आमच्या मते ऑस्ट्रेलियाची पद्धत सरस. मतदान वाढवायचे म्हणून न आलेल्याला बाहेर ठेवणे म्हणजे शाळेत न येणाऱ्या मुलाचे नाव काढून हजेरी सुधारणे. पटावरची टक्केवारी वाढते, मूल घरीच राहते. आणि सक्ती करायची तर सोयही सरकारनेच करायला हवी: सुट्टीच्या दिवशी मतदान, आगाऊ आणि टपाली मतदान, जवळचे केंद्र. ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी होते, ते याचसाठी महत्त्वाचे.

कैद्यांचे काय? त्यांनी तर कर्तव्य मोडलेलेच असते.

देशोदेशी फरक आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००४ मध्ये कैद्यांचे मत काढणारे कायदे रद्द केले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये ब्रिटनची सरसकट बंदी अवैध ठरवली. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, आणि यात खटला सुरू असलेले, अजून दोषी न ठरलेलेही येतात. ही शेवटची बाब आम्हाला खुपते.

वयाची आणि नागरिकत्वाची अटही अटच ना?

हो. पण वयाची अट प्रत्येक जण काही न करता पार करतो, ती कुणाच्या मर्जीवर नसते, आणि जन्मतारीख वगळता काही मोजावे लागत नाही. नागरिकत्वाच्या अटीवर मात्र वाद होऊ शकतो. न्यूझीलंडने १९७५ पासून कायम रहिवाशांनाही मत दिले आहे.

भारतीय कायदा काय म्हणतो?

अनुच्छेद ३२६: प्रौढ मताधिकार. वगळण्याची कारणे मोजकी: अनिवासी असणे, मनोविकलता, गुन्हा, निवडणुकीतला भ्रष्टाचार किंवा बेकायदा वर्तन. अनुच्छेद ५१(क) मधली मूलभूत कर्तव्ये १९७६ मध्ये आली. ती ज्या स्वर्ण सिंग समितीच्या शिफारशींवरून आली, त्या समितीने कर्तव्य मोडल्यास शिक्षेची तरतूद आणि कर भरण्याचे कर्तव्यही सुचवले होते. दोन्ही घेतले गेले नाही. या कर्तव्यांचा मताशी कायद्याने काहीही संबंध नाही.

राज्यघटना येण्याआधी अटींचेच राज्य होते. १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मत मिळे. मालमत्तेच्या अटीमुळे अस्पृश्य समाज यादीबाहेर राहतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर मांडले होते, आणि सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. ज्यांना जमीन धरू दिली नाही, शाळेत बसू दिले नाही, त्यांनाच जमीन आणि शिक्षण नाही म्हणून मत नाही. अटीमागचे हे दुष्टचक्र त्यांनी फार लवकर ओळखले. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७.३ कोटी मतदार होते, बहुसंख्य निरक्षर.

शिक्षणावर आधारलेले एक मत आजही शिल्लक आहे: विधान परिषद असलेल्या राज्यांत अनुच्छेद १७१ नुसार सुमारे एक द्वादशांश जागा पदवीधर निवडतात. त्यासाठी नोंदणी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते. मागच्या वेळी नाव होते म्हणून निर्धास्त राहणारे दरवेळी चुकतात.

मतदारांवर नको, उमेदवारांवर अट चालेल?

हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत उमेदवारांसाठी किमान शिक्षण, घरात चालू शौचालय, वीजबिलाची आणि सहकारी बँकेची थकबाकी नसणे अशा अटी घातल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या त्याच वर्षी वैध ठरवल्या. राजस्थानने अशीच शिक्षणाची अट आणली आणि २०१९ मध्ये मागे घेतली. उमेदवारावरची अट मतदारावरचीच असते, फक्त वळसा घेऊन: मत कुणालाही द्या, पण तुमच्यासारखे कुणी उभे राहणार नाही.

संस्थांमध्ये वर्गणी थकली की मत जाते. मग राज्यात का नको?

संस्था सोडता येते आणि तिचे ठराव सभासदांपुरतेच असतात. राज्य सोडता येत नाही आणि त्याचा कायदा मत नसलेल्यालाही तुरुंगात टाकतो. अमेरिकी न्यायालयांनी अशीच रेषा आखली. शाळा मंडळासाठी फक्त मालमत्ताधारकांना आणि पालकांना मत देणारा कायदा १९६९ मध्ये रद्द झाला, पण कॅलिफोर्नियातल्या एका पाणीसाठा मंडळात जमिनीच्या मूल्याच्या दर १०० डॉलरला एक मत ही पद्धत १९७३ मध्ये टिकली, काम मर्यादित आहे म्हणून. विरोधी न्यायमूर्तींनी विचारले ते मार्मिक होते: पुराचे पाणी कुठे वळवायचे हे तेच मंडळ ठरवते, मग ज्याचे भाड्याचे घर बुडते त्याला मत का नाही?

मग कर्तव्य चुकवणाऱ्यांनी मोकाट फिरावे का?

मुळीच नाही. करबुडव्याकडून व्याजासह वसुली, खाते गोठवणे, जप्ती. लष्करी सेवेऐवजी पर्यायी सेवा किंवा कर. गैरहजर मतदाराला दंड. या प्रत्येक उपायात शिक्षा चुकीच्या प्रमाणात असते, चूक दुरुस्त करता येते, आणि शिक्षा झालेला माणूस पुढच्या निवडणुकीत तो कायदा बदलण्यासाठी मत देऊ शकतो. मत काढून घेतले तर ही शेवटची वाट बंद होते.

एकदा वाजवी अट ठरवून कायम ठेवली, तर?

अट हलवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे उरतो ते ती हलवतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत १८५३ मध्ये २५ पौंडांच्या मालमत्तेवर कोणत्याही वर्णाच्या पुरुषाला मत होते. काळे मतदार वाढू लागले तशी १८९२ मध्ये मर्यादा ७५ पौंड झाली, सोबत स्वतःचे नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहिता येण्याची चाचणी. १९३० मध्ये फक्त गोऱ्या स्त्रियांना मत मिळाले, १९३१ मध्ये गोऱ्या पुरुषांना अटी माफ झाल्या, इतरांना तशाच राहिल्या. १९३६ मध्ये काळ्या मतदारांना केपच्या सामायिक यादीतून काढले, १९५६ मध्ये मिश्रवर्णीयांना. तोवर २५ पौंडांची मूळ अट पूर्ण करणारे कितीतरी जण त्या यादीबाहेर उभे होते.